टाकीच्या तळाशी काय आहे?

समजा, तुमचे एक काका अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर राहतात. त्यांना एक जुनी मोटरबोट विकत घ्यायची आहे आणि ती पाहायला ते तुम्हाला बरोबर घेऊन गेले आहेत. एप्रिल महिना आहे. बोटीचा रंग चकचकीत आहे, गाद्या नव्या आहेत, इंजिन पुसूनपासून लख्ख केले आहे. मालक म्हणतो, "गेल्या ऑक्टोबरात झाकून ठेवली होती, ती आजच उघडली. टाकीत अर्धी टाकी पेट्रोलही आहे. किल्ली फिरवा आणि निघा!"

काका खूश होतात. पण तुम्ही विज्ञानाचे विद्यार्थी आहात. तुम्ही काय विचाराल?

रंगाबद्दल विचारू नका, गाद्यांबद्दलही नको. एकच प्रश्न विचारा: "टाकीच्या तळाशी काय आहे?" हा प्रश्न इतका महत्त्वाचा का, हे आता आपण पाहू.

पेट्रोलमध्ये अल्कोहोल कशासाठी?

अमेरिकेत पंपावर मिळणारे बहुतेक पेट्रोल शुद्ध पेट्रोल नसते. त्यात १० टक्के इथेनॉल, म्हणजेच इथिल अल्कोहोल, मिसळलेले असते. अशा मिश्रणाला ई-१० म्हणतात.

हे मिश्रण आले कसे, याचीही एक कथा आहे. इंजिनात पेट्रोल वेळेआधीच पेटले तर ठोके बसल्यासारखा आवाज येतो व इंजिनाला इजा होते. हा दोष टाळण्याच्या गुणाला ऑक्टेन अंक लावून मोजतात. पूर्वी हा अंक वाढवण्यासाठी पेट्रोलमध्ये शिशाचे संयुग घालत. शिसे विषारी म्हणून ते काढावे लागले. त्याच्या जागी एम.टी.बी.ई. नावाचे एक ईथर आले. ते पेट्रोलमध्ये छान मिसळे व धूरही कमी करी. पण गळक्या टाक्यांतून ते जमिनीत उतरले आणि पाण्यात सहज विरघळत असल्यामुळे भूजलात दूरवर पसरले. १९९६ साली कॅलिफोर्नियातील सांता मोनिका शहराला याच कारणाने आपल्या पिण्याच्या पाण्याच्या कित्येक विहिरी बंद कराव्या लागल्या. पुढे कॅलिफोर्निया, न्यूयॉर्क व कनेक्टिकट या राज्यांनी २००४ च्या आरंभापासून एम.टी.बी.ई.वर बंदी घातली. रिकाम्या झालेल्या जागेवर इथेनॉल आले.

इथेनॉलचा ऑक्टेन अंक चांगला आहे. ते मक्यापासून, उसापासून तयार करता येते. मोटारगाड्यांना ते फारसे जड गेले नाही. पण मोटारगाडी रोज धावते आणि तिच्या टाकीतले पेट्रोल आठ-पंधरा दिवसांत संपते. बोटीचे तसे नाही. उत्तरेकडील राज्यांत हिवाळाभर बोटी झाकून ठेवतात. सहा-सहा महिने तेच पेट्रोल त्याच टाकीत पडून राहते. शिवाय बोट सदा पाण्याच्या संगतीत असते. येथेच गोष्टीला वळण लागते.

तीन रेणूंचे नाते

पाणी आणि पेट्रोल एकत्र ढवळून ठेवा, थोड्याच वेळात ते वेगळे होतात. पाण्याचा रेणू विद्युत्‌दृष्ट्या एका बाजूने किंचित धन, तर दुसऱ्या बाजूने किंचित ऋण असतो. त्यामुळे पाण्याचे रेणू एकमेकांना धरून राहतात. या धरण्याला हायड्रोजन बंध म्हणतात. पेट्रोलचे रेणू म्हणजे कार्बन व हायड्रोजन यांच्या साखळ्या व कडी. त्यांना असे हात नसतात. म्हणून पाणी त्यांना आपल्यात घेत नाही.

इथेनॉलचा रेणू मात्र दुतोंडी आहे. त्याचे एक टोक पेट्रोलसारखे, कार्बन-हायड्रोजनचे आहे. दुसऱ्या टोकाला ऑक्सिजन व हायड्रोजन यांची जोडी आहे. ते टोक पाण्यासारखे वागते. म्हणून इथेनॉल पेट्रोलमध्येही मिसळते आणि पाण्यातही. पण दोघे समोर आले तर ते कोणाचा हात धरील? पाण्याचा! कारण पाण्याशी त्याचे हायड्रोजन बंध जुळतात.

पाणी अगदी थोडे असेल, तर इथेनॉलचे रेणू त्या पाण्याला सांभाळून पेट्रोलमध्येच ठेवतात. पेट्रोल स्वच्छ दिसते. पण पाणी एका मर्यादेपलीकडे गेले की इथेनॉल पेट्रोलची साथ सोडते आणि पाण्याला घेऊन खाली उतरते. एकजीव मिश्रणाचे दोन थर होतात. याला स्तर-विलगीकरण म्हणतात.

एक प्रयोग

पेट्रोल घेऊन असा प्रयोग करणे धोक्याचे आहे. तो मुळीच करू नका. पण याच तत्त्वावरचा दुसरा प्रयोग शाळेच्या प्रयोगशाळेत, शिक्षकांच्या देखरेखीखाली करता येईल. जवळपास पेटता दिवा अगर बर्नर नसावा.

एका परीक्षानळीत ५ मिलिलिटर स्पिरिट घ्या. त्यात १ मिलिलिटर निलगिरीचे तेल घालून हलवा. तेल स्पिरिटमध्ये विरघळते व द्रावण स्वच्छ दिसते. आता ड्रॉपरने थेंब थेंब पाणी घाला आणि दर वेळी नळी हलवा. पहिल्या काही थेंबांनी काही होणार नाही. पण एक थेंब असा येईल, की द्रावण एकाएकी दुधासारखे गढूळ होईल. आणखी पाणी घालून नळी बराच वेळ स्थिर ठेवली, तर तेल वर येऊन तरंगू लागेल.

काय झाले? स्पिरिटमधील अल्कोहोलने पाण्याचा हात धरला आणि तेल एकटे पडले. आपल्या नळीत तेल थोडे व अल्कोहोल जास्त होते, तर बोटीच्या टाकीत पेट्रोल जास्त व अल्कोहोल थोडे असते. पण भांडण तेच आणि निकालही तोच.

किती पाणी चालते?

१५ अंश सेल्सियस तापमानाला ई-१० पेट्रोल आपल्या आकारमानाच्या सुमारे अर्धा टक्का पाणी सामावून घेते. म्हणजे १०० लिटर पेट्रोलमध्ये सुमारे अर्धा लिटर. इथेनॉल नसलेले पेट्रोल याच्या पंचविसाव्या भागाइतकेच पाणी विरघळवू शकते. तेव्हा, थोडेसे पाणी असेल तर ई-१० पेट्रोल चांगलेच म्हणायचे. कारण ते पाणी विरघळून इंजिनात जाते आणि वाफ होऊन बाहेर पडते.

पण ही मर्यादा तापमानावर अवलंबून असते. थंडी वाढली की ती खाली येते. समजा, ऑक्टोबरात टाकीतल्या पेट्रोलमध्ये मर्यादेच्या जरासे आत पाणी होते. पेट्रोल स्वच्छ दिसत होते. जानेवारीत बर्फ पडला, पेट्रोल थंड झाले आणि तेच पाणी आता मर्यादेबाहेर गेले. कोणी एक थेंबही पाणी ओतले नाही, तरी टाकीत दोन थर झाले. पुढे ऊन पडले, तरी स्थिर उभ्या बोटीत तळाचा थर सहसा आपोआप वर मिसळत नाही. मालकाने ऑक्टोबरात झाकलेली टाकी आणि एप्रिलमध्ये उघडलेली टाकी, या दोन निराळ्या टाक्या असू शकतात!

तळाचा थर काय करतो?

पाण्याची घनता दर मिलिलिटरला १ ग्रॅम, इथेनॉलची सुमारे ०.७९ ग्रॅम आणि पेट्रोलची साधारण ०.७२ ते ०.७७ ग्रॅम. तेव्हा पाणी व इथेनॉल यांचा थर तळाशी जाणार, हे उघड आहे. आणि इंजिनाला पेट्रोल पुरवणाऱ्या नळीचे तोंड कोठे असते? टाकीच्या तळाजवळ! टाकी जवळजवळ संपेपर्यंत पेट्रोल मिळावे म्हणून ते तसे ठेवलेले असते. आता मात्र त्या तोंडातून पेट्रोलऐवजी पाणी-अल्कोहोल जाऊ लागते. इंजिन सुरूच होत नाही. किंवा अधिक वाईट म्हणजे सुरू होऊन किनाऱ्यापासून दूर गेल्यावर बंद पडते. रस्त्यावर मोटार बंद पडली तर ती ढकलून कडेला लावता येते. भर समुद्रात कडा कोठून आणायची? वारा व प्रवाह बोटीला नेतील तिकडे जावे लागते.

वरच्या थराचेही ठीक नसते. इथेनॉल निघून गेल्यामुळे त्या पेट्रोलचा ऑक्टेन अंक दोन-तीन अंकांनी घसरलेला असतो. तळाच्या थरातील पाणी धातूंना गंजवते. असे दोन थर झालेले पेट्रोल कोणतेही औषध घालून पुन्हा एकजीव करता येत नाही. ते सारे उपसून काढणे व योग्य जागी देणे, एवढाच उपाय उरतो.

पाणी येते कोठून?

पुष्कळ लोक सांगतात, "इथेनॉल हवेतली वाफ शोषून घेते, म्हणून टाकीत पाणी जमते." हे कितपत खरे? आपण हिशोबच करून पाहू.

बोटीच्या टाकीला हवेसाठी उघडी नळी असते. दिवसा टाकीतली हवा तापून प्रसरण पावते व बाहेर जाते. रात्री आकुंचन पावते व बाहेरची हवा आत येते. टाकी जणू श्वास घेते. समजा, २०० लिटरची टाकी अर्धी भरली आहे. म्हणजे आत १०० लिटर हवा आहे. दिवसा तापमान ३० अंश, रात्री २० अंश. निरपेक्ष मापाने ३०३ वरून २९३. हवा सुमारे ३.३ टक्के आकुंचन पावेल, म्हणजे ३.३ लिटर बाहेरची हवा आत येईल. ३० अंशांना वाफेने पूर्ण भरलेल्या हवेत दर घनमीटरला सुमारे ३० ग्रॅम पाणी असते. म्हणजे लिटरला ०.०३ ग्रॅम. ३.३ लिटर हवा फार तर ०.१ ग्रॅम पाणी आणील.

१०० लिटर ई-१० मध्ये दोन थर होण्यास सुमारे ५०० ग्रॅम पाणी लागते. रोज ०.१ ग्रॅम, तर ५००० रात्री! साडेतेरा वर्षांहूनही अधिक काळ.

हिशोब ढोबळ आहे, कारण नळीवाटे वाफ हळूहळू आपणहूनही आत पसरत असते. तरीही, टाकीच्या श्वासावर सगळा दोष टाकणे बरोबर नाही, एवढे यावरून दिसते.

आता दुसरा हिशोब करा. पेट्रोल भरण्याच्या तोंडाचे झाकण बोटीच्या वरच्या फळीवर असते. त्याच्या आत एक रबरी कडे असते. ते चिरले आहे आणि पावसाच्या किंवा लाटांच्या पाण्याचा मिनिटाला एकच थेंब आत गळतो आहे, असे धरा. २० थेंबांचे १ मिलिलिटर मानले, तर दिवसाला १४४० थेंब, म्हणजे ७२ मिलिलिटर. ५०० मिलिलिटर व्हायला जेमतेम सात दिवस! हवेला जे करायला तेरा वर्षे लागली असती, ते काही पैशांचे फुटके रबर एका पावसाळी आठवड्यात करते.

टाकीच विरघळते तेव्हा

इथेनॉलचा आणखी एक गुण आहे. ते चांगले द्रावक आहे. जुन्या टाकीच्या भिंतींवर वर्षानुवर्षे बसलेला चिकट मळ ते सोडवते. तो मळ गाळणीत येऊन अडकतो व इंजिनाची उपासमार होते. गाळणी दोन-तीनदा बदलली की हा त्रास संपतो.

पण टाकी काचतंतूंची, म्हणजे फायबरग्लासची असेल तर? १९६० व १९७० च्या दशकांत काही मोठ्या मोटरबोटींत अशा टाक्या बसवल्या होत्या. काचेचे तंतू पॉलिएस्टर राळेने एकमेकांना चिकटवून त्या बनवत. गंजत नाहीत म्हणून त्यांची वाहवा होई. २००४ नंतर न्यूयॉर्क व कनेक्टिकट यांच्यामधील लाँग आयलंड साउंड या समुद्रपट्ट्यात ई-१० आले आणि अशा काही बोटींच्या इंजिनांत काळा, चिकट थर सापडू लागला. इथेनॉलने टाकीच्या भिंतींतील राळ हळूहळू विरघळवली होती.

गाळणीने ती का अडवली नाही? मिठाचे पाणी फडक्यातून गाळून पाहा. मीठ खाली येतेच ना? विरघळलेला पदार्थ गाळणीत सापडत नाही. ती राळ पेट्रोलबरोबर इंजिनापर्यंत गेली. तेथे पेट्रोलची वाफ झाली व राळ मागे राहून झडपांवर बसली. झडपा चिकटल्या आणि त्यांना ढकलणारे दांडे वाकले. शिवाय टाकीच्या भिंती कमजोर झाल्या, त्या वेगळ्याच. अशा टाक्या बोटीच्या पोटात बांधलेल्या असतात. त्या बदलायच्या तर वरची फळी कापावी लागते. स्वस्तात घेतलेली बोट अशा वेळी भलतीच महाग पडते.

रबरी नळ्यांचेही असेच. १९८० च्या दशकाच्या मध्यापूर्वीच्या नळ्या अल्कोहोलचा विचार करून बनवलेल्या नव्हत्या. त्या कडक होतात, भेगाळतात व पाझरतात. मोटारीतून पेट्रोल गळले तर ते रस्त्यावर पडते. बोटीला मात्र खाली तळ असतो. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्यामुळे ती त्या तळात साठून राहते, आणि मग एक ठिणगी पुरते. इंजिन बोटीच्या आत असेल, तर ते सुरू करण्यापूर्वी चार मिनिटे पंखा चालवून ती वाफ बाहेर काढण्याची शिस्त अमेरिकेत शिकवतात, ती याच भयाने.

बोट पाहताना

आता काकांबरोबर पुन्हा धक्क्यावर चला. प्रश्न विचारायला आपण तयार आहोत.

१. टाकी कशाची आहे व किती सालची आहे? जुनी काचतंतूंची असेल, तर जाणकाराला दाखवल्याशिवाय व्यवहार करू नये.

२. आतले पेट्रोल किती दिवसांचे आहे? टाकीच्या तळातले थोडे पेट्रोल जाणकाराकडून पारदर्शक बाटलीत काढून घ्यावे व स्थिर ठेवावे. दोन थर दिसले, की उत्तर मिळाले.

३. भरण्याच्या तोंडावरील झाकणाचे रबरी कडे शाबूत आहे का?

४. नळ्यांवरून कोरडे फडके फिरवून त्याचा वास घ्यावा. पेट्रोलचा वास आला तर नळी पाझरते आहे; ती बदललीच पाहिजे.

५. टाकी व इंजिन यांच्यामध्ये पाणी वेगळे करणारी गाळणी बसवलेली आहे का? आणि तिच्यात काय जमले आहे?

६. जवळच्या पंपावर कोणते पेट्रोल मिळते? अमेरिकेत १५ टक्के इथेनॉलचे ई-१५ सुद्धा विकतात. २०१० व २०११ साली तेथील पर्यावरण संस्थेने त्याला काही मोटारगाड्यांसाठी परवानगी दिली. बोटींसाठी दिली नाही. याचे कारण सोपे आहे. इथेनॉलचा रेणुभार ४६, त्यात ऑक्सिजन १६. म्हणजे वजनाने सुमारे ३५ टक्के ऑक्सिजन इंधनातच असतो. इथेनॉल वाढले की ज्वलनाला लागणारी हवा कमी व्हायला हवी. नव्या मोटारी हे प्रमाण स्वतः जुळवून घेतात. बोटीची कित्येक इंजिने ते जुळवू शकत नाहीत व जास्त तापतात.

बोट घेतल्यावर काकांना आणखी एक सांगा. हिवाळ्यापूर्वी टाकी अर्धी ठेवू नये. प्रसरणाला थोडी जागा सोडून ती जवळजवळ भरून ठेवावी. आत हवा कमी, तर श्वासही लहान.

आपल्याकडे

हे सारे अमेरिकेतले. आपल्याला त्याचे काय, असे म्हणू नका. भारतात जानेवारी २००३ पासून महाराष्ट्रासह ९ राज्यांत पेट्रोलमध्ये ५ टक्के इथेनॉल मिसळण्यास सुरुवात झाली. २०२५ पर्यंत हे प्रमाण २० टक्क्यांवर पोचले. आपल्या साखर कारखान्यांतील मळीपासून व उसाच्या रसापासून त्यातले बरेच इथेनॉल तयार होते. २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल ई-१० पेक्षा जास्त पाणी सामावून घेते. पण एकदा थर वेगळे झाले, तर खाली उतरणारे अल्कोहोलही जास्त असते. पावसाळाभर किनाऱ्यावर ओढून ठेवलेली पेट्रोल इंजिनाची होडी असो, नाहीतर अंगणात महिनाभर पावसात उभी असलेली मोटरसायकल असो. रसायनशास्त्राचा नियम दोघींना सारखाच लागू आहे.

यात इथेनॉलचा गुन्हा काय? ते आपल्या रेणूच्या स्वभावाप्रमाणे वागते. ताजे पेट्रोल, घट्ट झाकण आणि योग्य टाकी असेल तर ते मुकाट्याने काम करते. पदार्थाचा स्वभाव ओळखून वागणे हे माणसाचे काम आहे. चकचकीत रंग पाहून किल्ली फिरवणारा आणि बाटलीत पेट्रोल काढून दोन मिनिटे थांबणारा, या दोघांत फरक असतो तो एवढाच. पण किनाऱ्यापासून पाच किलोमीटर दूर गेल्यावर तो फरक फार मोठा होतो.

विचार करा

१. २०० लिटरची टाकी ९५ टक्के भरलेली असेल, तर वरच्या उदाहरणात रोज रात्री किती हवा आत येईल? ती किती पाणी आणील?

२. निलगिरीच्या तेलाचा प्रयोग बर्फात ठेवलेल्या परीक्षानळीत केला, तर द्रावण गढूळ व्हायला पाण्याचे थेंब कमी लागतील की जास्त? आधी अंदाज करा, मग करून पाहा.

३. इंजिनाला पेट्रोल देणाऱ्या नळीचे तोंड टाकीच्या मध्यावर ठेवले, तर कोणता त्रास टळेल व कोणता नवा सुरू होईल?